पप्पा, जीपीएस आणि एक्क्याऐंशी नंबरचा रस्ता

“तू ई अँड टीसीला आहेस ना? मग तूच सांग कोणता जीपीएस घ्यायचा!”

जर्मनीहून दादाचा फोन आला आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की नातेवाईक आपल्याला काय काय समजायला लागतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मिक्सर बंद पडला, बोलवा हिला. शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, बोलवा हिला. आणि आता तर थेट युरोप!

झालं होतं असं. दादा स्टुटगार्टला नोकरी करतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यानं मम्मी-पप्पांना तिकडं बोलावलं होतं. त्याच्याकडं एक जुनी, सेकंडहँड गाडी आहे. चालते छान, पण तिला स्क्रीन वगैरे काही नाही. बेत असा की स्टुटगार्टहून निघायचं, स्वित्झर्लंडमधून खाली इटलीत मिलानला जायचं आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकवरून परत यायचं. आठ दिवस, चार देश. माझं तिकीट बजेटमध्ये बसत नव्हतं, म्हणून मला मिळालं ते हे ‘तांत्रिक सल्लागार’ पद. बिनपगारी!

आता आमच्या पप्पांबद्दल सांगायलाच हवं. पप्पा एस.टी.त ड्रायव्हर होते. अख्खी नोकरी रस्त्यावर गेली. आदल्या वर्षीच निवृत्त झाले. आमच्या घरात रस्ता विचारायची पद्धतच नाही, कारण पप्पांना सगळे रस्ते माहीत. चाळीसगाव सोडलं की कन्नडचा घाट कुठं सुरू होतो, कोणत्या वळणावर समोरून ट्रक आला तर कोणी थांबायचं, कोणत्या ढाब्यावर शेवभाजी चांगली आणि कोणत्या ढाब्यावर फक्त चहा प्यायचा, सगळं तोंडपाठ. त्यांच्या मते रस्ता चुकायचाच नसेल तर दोनच उपाय. एक म्हणजे ते स्वतः, आणि दुसरी म्हणजे आमची पीजे! (बाहेरगावच्या मित्रांसाठी : पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे. ५६ किलोमीटरची नॅरोगेज लाइन. लहानपणी मी तिनंच शेंदुर्णीला मामाकडं जायचे. एकच रूळ, त्यामुळं चुकायचं कुठं? २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी ती बंद पडली.)

असो. तर मी कामाला लागले.

पहिला प्रश्न दादाचाच होता. फोन असताना वेगळं यंत्र हवंच कशाला? प्रश्न रास्त होता. मी आधी पप्पांनाच जीपीएस समजावून सांगायचं ठरवलं, कारण आमचे एक सर म्हणतात, घरच्यांना समजावता आलं तरच तुम्हाला विषय कळला.

बहुतेकांना वाटतं की उपग्रह वरून आपल्याला बघतो आणि रस्ता सांगतो. तसं अजिबात नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि तिथून फक्त दोन गोष्टी सांगतात : मी कुठं आहे आणि आत्ता माझ्या घड्याळात किती वाजले. बास. बाकीचं गणित आपलं यंत्र करतं.

मी पप्पांना म्हटलं, “समजा, पाचोरा, भडगाव आणि जामनेर या तिन्ही स्टँडवरच्या कंट्रोलरनं बरोबर सहाच्या ठोक्याला भोंगा वाजवला. तुम्ही मधेच कुठल्यातरी शेतात उभे आहात. कोणता भोंगा किती उशिरा ऐकू आला त्यावरून कोणतं स्टँड किती लांब ते कळेल. तिन्ही अंतरं जिथं जुळतील तिथं तुम्ही!”

पप्पांनी विचार केला आणि म्हणाले, “अन् माझंच घड्याळ मागं असलं तर?”

मी गप्पच झाले. कारण हा प्रश्न आमच्या वर्गात कोणीही विचारला नव्हता, अगदी मीसुद्धा नाही. आणि उत्तर नेमकं तेच आहे. आपल्या यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं, म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही, चौथा लागतो. चौथ्यामुळं आपलं घड्याळ किती चुकलंय तेही कळतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात तीनशे मीटरची चूक होते! इतकंच काय, आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे उपग्रहावरचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतं. तो हिशेब धरला नसता तर पाचोऱ्याच्या स्टँडवर उभी असलेली एस.टी. एका दिवसात दहा किलोमीटर लांब दिसली असती.

पप्पा म्हणाले, “म्हणजे सगळा खेळ टायमिंगचा.” एस.टी.च्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

आता यातून निवडीसाठी मुद्दा असा निघतो की आपण कुठं आहोत हे कळायला इंटरनेट लागत नाही. उपग्रहाचा संदेश फुकट येतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम चूक घालायची, ते बंद झालं. आता तर अमेरिकेच्या जीपीएसच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ अशा यंत्रणा आहेत आणि आपल्या भारताची नाविकसुद्धा. नवे फोन एकाच वेळी दोन-तीन यंत्रणांचं ऐकतात. म्हणजे जागा ओळखण्यात फोन कमी पडत नाही. प्रश्न असतो तो नकाशाचा. नकाशा आधीच यंत्रात भरलेला आहे, की जाता जाता इंटरनेटवरून मागवायचा आहे?

इथं स्वित्झर्लंड आडवं आलं. युरोपियन युनियनमधल्या देशांत २०१७ च्या जूनपासून रोमिंगचे जादा पैसे पडत नाहीत. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही! आणि दादाच्या फोनच्या प्लॅनमध्ये ते नव्हतं. म्हणजे नेमक्या डोंगरातल्या रस्त्यावर फोनचं इंटरनेट बंद ठेवायचं. फोनवर नकाशे आधी उतरवून घेता येतात, हे खरं. पण फोन काचेवर लावून, चार्जिंगला ठेवून, वर ऑगस्टचं ऊन असलं की तापतो. शिवाय मधेच फोन आला की नकाशा गायब. दादा ऑफिसचे कॉल घेतल्याशिवाय राहणार नाही, ही आम्हा सगळ्यांना खात्री.

मग मी वेगळ्या यंत्रांची यादी केली. बाजार मुख्यतः दोन नावांभोवती फिरतो : गार्मिन आणि टॉमटॉम. गार्मिन १९८९ मध्ये गॅरी बुरेल आणि मिन काओ या दोघांनी काढली, म्हणून नाव गार-मिन. टॉमटॉम १९९१ ची, ॲमस्टरडॅमची. मी कागदावर रकाने आखले. संपूर्ण युरोपचे नकाशे आत आहेत का? ते पुढं फुकट बदलून मिळतात का? स्क्रीन किती इंची? कोणत्या लेनमध्ये राहायचं ते चित्र काढून दाखवतं का? (हे महत्त्वाचं, कारण तिथं रहदारी उजव्या बाजूनं चालते आणि महामार्गावरून बाहेर पडायची वाट चुकली की पुढची येईपर्यंत मुकाट जावं लागतं.) टोलचे रस्ते टाळता येतात का? स्पीड कॅमेऱ्याची सूचना बंद करता येते का?

हा शेवटचा रकाना बघून दादा हसला. “बंद कशाला? ती तर सोय आहे!” सोय आहे, पण जर्मनीत गाडी चालवताना ती वापरता येत नाही आणि स्वित्झर्लंडमध्ये तर असं यंत्र जवळ बाळगणंसुद्धा बेकायदा आहे. हे वाचलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. तसंच स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी चाळीस फ्रँकचा वर्षाचा परवाना लागतो. एक दिवस जा नाहीतर वर्षभर जा, पैसे तेवढेच. पप्पांनी मनातल्या मनात रुपये करून पाहिले आणि एवढंच म्हणाले, “मंथली पास नाही का यांच्यात?”

गावाचं नाव टाकताना देश आणि जिल्हा बघून टाकायचा, ही सूचना मी लाल पेननं लिहिली. त्याला कारण आमच्याच घरातलं. आत्याच्या मुलाचं लग्न पिंपळगाव हरेश्वरला होतं. हे पिंपळगाव आमच्या पाचोरा तालुक्यातलं. नवरदेवाचे मुंबईचे मित्र मोबाइलवर नुसतं ‘पिंपळगाव’ टाकून निघाले आणि थेट पिंपळगाव बसवंतला पोहोचले, नाशिक जिल्ह्यात! तिथं त्यांनी अर्धा तास मंगल कार्यालय शोधलं. जेवणाच्या शेवटच्या पंगतीला कसेबसे आले. यात फक्त आपलेच लोक आहेत असं समजू नका. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्री बेटाला निघालं होतं. यंत्रात स्पेलिंगची दोन अक्षरं उलटी पडली आणि ते कार्पी नावाच्या कारखान्यांच्या गावात पोहोचले. बेटाला जायला पूल किंवा बोट लागत नाही, याचंही त्यांना काही वाटलं नाही!

तर अशी सगळी तयारी करून मी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझा निकाल जाहीर केला. सहा इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनचं वेगळं यंत्र घ्यायचं, नकाशे आत भरलेले, आणि फोनवर नकाशे उतरवून तो राखीव ठेवायचा. दादा खूश. म्हणाला, “बेस्ट! पप्पा, आता तुम्हाला काहीच टेन्शन नाही. तुम्ही फक्त आराम करा. रस्ता मशीन सांगेल.”

पप्पा हो म्हणाले. कॉल संपला. मग ते चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता, हळूच बोलले, “मंग मनं काय काम शे तठे?”

पप्पा बाहेर मराठी बोलतात, पण मनातलं बोलायचं असलं की अहिराणी येते. ‘मग माझं काय काम आहे तिथं?’

एवढंच म्हणून ते गेले. कुठं ते मला माहीत होतं. निवृत्त झाल्यापासून पप्पा रोज सकाळ-संध्याकाळ स्टँडवर जाऊन बसतात. कोणती गाडी वेळेवर लागली, कोणती उशिरा, कोणत्या गाडीचा ड्रायव्हर नवा आहे, हे बघतात आणि घरी येऊन मम्मीला सांगतात. मम्मीला त्यात काही रस नसतो, पण ती “हो का?” म्हणते. मला मात्र नेहमी हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

मला एकदम लक्षात आलं की मी दोन महिने यंत्राच्या प्रत्येक रकान्याचा विचार केला, पण गाडीत बसणाऱ्या माणसांचा रकानाच काढला नव्हता. दादाला यंत्र हवं होतं. मम्मीला खिडकी हवी होती. आणि ज्या माणसानं आयुष्यभर पन्नास-पन्नास लोकांना मुक्कामी पोहोचवलं, त्याला आम्ही सांगितलं होतं की तुम्ही आता सामान आहात, मागं बसा!

रात्री मी दादाला परत फोन केला. म्हटलं, यंत्र घेच, पण त्याबरोबर एक कागदी नकाशाही घे. मोठा, घडीचा. आणि पप्पांना पुढं बसव. दादा म्हणाला, “आजकाल कागदी नकाशा कोण वापरतं?” मी म्हटलं, “पप्पा वापरतील.”

खरं सांगायचं तर मलाही कागदी नकाशाचं प्रेम नव्हतं. पण सेमिनारसाठी वाचताना मला विल्यम लॅम्ब्टन भेटला होता. या माणसानं १८०२ मध्ये मद्रासला जमिनीवर एक सरळ रेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देश मोजायला सुरुवात केली. सुमारे अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र बरोबर घेऊन! वीस वर्षं तो हेच करत राहिला आणि २० जानेवारी १८२३ ला आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे नकाशा कोणीतरी चालून केलेला असतो.” हो, आणि यंत्रातला नकाशाही आधी कोणीतरी रस्त्यावर जाऊनच भरलेला असतो.

पप्पांना काम मिळालं, पण एक अडचण उरली. पप्पांना इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, पण जुळवायला वेळ लागतो, आणि शंभरच्या वेगात पाटी तेवढा वेळ थांबत नाही. यंत्राच्या आवाजांच्या यादीत मला मराठी कुठं दिसली नाही. म्हणून मी एक दोनशेपानी वही घेतली आणि ठरवलं की रस्त्यातल्या प्रत्येक मोठ्या गावाचं नाव डावीकडं पाटीवर दिसेल तसं लिहायचं आणि उजवीकडं मराठीत.

आणि इथं माझी विकेट पडली!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा एक विषय होता आणि तो कसाबसा पास व्हायचा असतो अशी माझी समजूत होती. मी ऐटीत ‘इन्सबृक’ लिहिलं. पप्पांनी चष्मा वर केला. “बेटा, हा ब्रु पाहिजे. बृ वेगळा.” शाफहाउझेन लिहिताना मी तीनदा खाडाखोड केली. जर्मन अक्षरांच्या डोक्यावरची दोन टिंबं दाखवली तर पप्पा म्हणाले, “आपला अनुस्वार एक, यांचे दोन. श्रीमंत देश आहे.” मग एकाच गावाला तीन नावं निघाली. आपण मिलान म्हणतो, जर्मन माणूस मायलांड म्हणतो आणि इटालियन मिलानो. म्युनिकचं तर विचारूच नका. जर्मन म्युन्शेन, आणि इटलीतल्या पाट्यांवर चक्क मोनाको!

सगळ्यात मोठी फजिती आकड्यांची झाली. स्टुटगार्टहून दक्षिणेला जाणारा महामार्ग म्हणजे ए एटीवन. पप्पांनी विचारलं, “मराठीत बोल.” मी म्हटलं, “ऐंशी... एक.” पप्पांनी फक्त माझ्याकडं बघितलं. “एक्क्याऐंशी.” वीस वर्षांची मुलगी, फुरियर ट्रान्सफॉर्म करते, पण एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये अडकते. पप्पांनी मला एकावन्न ते शंभर म्हणून घेतलं, पहिलीतल्या पोरासारखं. एकोणऐंशीला मी दोनदा पडले.

पण गंमत पुढं आहे. दादानं फोनवर सांगितलं की जर्मन लोकही एक्क्याऐंशी म्हणताना आधी एक म्हणतात आणि मग ऐंशी. ‘आइन-उंड-आख्टझिश’, म्हणजे ‘एक आणि ऐंशी’. दादा कबूल झाला की त्याला हे शिकायला सहा महिने लागले, कारण तोही माझ्यासारखाच इंग्रजीत आकडे मोजतो. पप्पांना पाच मिनिटांत कळलं. “सोपं तर आहे,” म्हणाले, “आपल्यासारखंच.” त्या दिवशी पप्पांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बघितलं.

वही दीड महिन्यात भरली. नावं कमी आणि पप्पांच्या खुणा जास्त. बोगद्याला एक खूण, नदीला एक, घाटाला नागमोडी रेघ.

ऑगस्टमध्ये ते गेले. पुढचं सगळं मला व्हिडिओ कॉलवर कळत गेलं. पहिलीच गंमत बसायची. तिथं स्टिअरिंग डावीकडं. म्हणजे पप्पा शेजारच्या सीटवर बसले तर ते नेमके उजवीकडं, आयुष्यभर जिथं बसले त्याच जागी, पण पुढं स्टिअरिंग नाही आणि खाली ब्रेक नाही! मम्मी मागून बघत होती. समोर गाडी आली की पप्पांचा उजवा पाय जोरात खाली जायचा. दुपारपर्यंत पाय दुखायला लागला.

दुसरी गंमत ‘आउसफार्ट’ची. हा शब्द वहीत पहिल्या पानावर होता, त्याचा अर्थ महामार्गावरून बाहेर पडायची वाट. तरी मम्मी म्हणालीच, “हे आउसफार्ट किती मोठं गाव आहे हो, संपतच नाही!”

आणि मग आला गॉटहार्ड. आल्प्समधला हा बोगदा १९८० मध्ये उघडला, लांबी १६.९ किलोमीटर. यंत्रानं सांगितलेला रस्ता त्यातूनच जात होता. आत उपग्रह दिसत नाहीत, तिथं यंत्र आधीच्या वेगावरून अंदाज करतं, हे सगळं मी दादाला समजावलं होतं. पण एक गोष्ट मी विसरले होते, आणि ती सगळ्यात साधी होती. मी निवडलेल्या यंत्रात नकाशा आत होता, पण रहदारीची माहिती ते फोनच्या इंटरनेटवरून घ्यायचं. आणि फोनचं इंटरनेट स्वित्झर्लंडमध्ये बंद! शनिवार, सुट्ट्यांचे दिवस, अख्खा युरोप इटलीकडं निघालेला. बोगद्याच्या अलीकडं गाड्यांची लांबच लांब रांग. आणि यंत्र आपलं शांतपणे सांगतंय, सरळ जात राहा. माझ्या सगळ्या रकान्यांमध्ये हा एक रकाना नव्हता.

दादा वैतागला. पप्पांनी मांडीवरचा नकाशा उलगडला. बोगद्याची रेघ तुटक होती. तिच्या शेजारून एक बारीक रेघ निघून वळणं घेत घेत पलीकडं उतरत होती. वहीत तिथं त्यांनीच नागमोडी खूण केलेली. गोशेनेनला बाहेर पडायचं, मग आंडरमाट, होस्पेंटाल, वर २,१०६ मीटरवर खिंड आणि पलीकडं आयरोलो. बोगदा व्हायच्या आधी गाड्या याच रस्त्यानं जायच्या.

पप्पा म्हणाले, “हा घाट आहे ना? मग घाटानं चल.”

दादा घाबरला. त्यानं जर्मनीत गाडी शिकली, सपाट महामार्गावर. घाट कधी चालवला नव्हता. यंत्र दर मिनिटाला मागं वळायला सांगत होतं. दोन-तीनदा सांगून मग त्यानंही हार मानली आणि नवा रस्ता दाखवला. आणि पुढचा तासभर त्या गाडीत एकच आवाज होता, पप्पांचा. “दुसरा टाक. आता घाई नको. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नाही. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर, ब्रेकवर लोंबकळू नको.” मम्मी सांगते की दादा कॉलेजला असतानाही त्यानं पप्पांचं एवढं ऐकलं नव्हतं.

खिंडीत वर थांबून त्यांनी मला कॉल केला. वाऱ्यानं काही ऐकू येत नव्हतं. मागं तळं, थोडं धुकं, मम्मीच्या हातात बिबडे. पप्पा ओरडून सांगत होते, “अगं, कन्नडपेक्षा रुंद आहे! अन् समोरचा थांबतो, हॉर्न द्यावा लागत नाही!” मी इकडं होस्टेलच्या गॅलरीत उभी. मला एकदम रडू आलं आणि का आलं ते मैत्रिणींना नीट सांगता आलं नाही.

ते परत येऊन आता बरेच महिने झाले. पप्पा अजूनही सकाळ-संध्याकाळ स्टँडवर जातात. फक्त आता तिथं चार लोक त्यांच्याभोवती बसतात आणि नवे ड्रायव्हर गॉटहार्डबद्दल विचारतात. मी सुट्टीत घरी गेले की एकावन्न ते शंभर म्हणून दाखवते. एकोणऐंशी आता येतं.

तुमच्यापैकी कोणाला युरोपसाठी जीपीएस घ्यायचा असेल तर माझी यादी जरूर मागा, झेरॉक्स देईन. रहदारीचा रकाना आता त्यात टाकलाय. आणि शेवटी आणखी एक : पुढच्या सीटवर कोण बसणार?

वही आमच्या टीव्हीच्या कपाटात आहे. परवा मी ती चाळत होते. गॉटहार्डच्या पानावर माझ्या वेड्यावाकड्या ‘होस्पेंटाल’च्या खाली पप्पांच्या अक्षरात एक ओळ आहे. ड्युटी संपवून नोंद करावी तशी :

“आयरोलो. घाट संपला. ब्रेक थंड. सर्व प्रवासी सुखरूप.”

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)